पुण्याचा विद्यार्थी आणि तंत्रज्ञानाचा ताण

संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांच्या अतिवापरामुळे किंवा त्यांच्याशी जुळवून घेताना होणाऱ्या ओढाताणीमुळे जो मानसिक व शारीरिक ताण येतो, त्याला तंत्रज्ञानताण म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांनी १९८४ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांच्यासमोर होते ते कार्यालयांत नव्याने आलेल्या संगणकांपुढे गांगरलेले कर्मचारी. विद्यार्थी या चर्चेत बऱ्याच उशिरा आले. पुण्यासारख्या शहरात मात्र विद्यार्थ्यांचा ताण हा विषय संगणकापेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे. या शहराच्या शिक्षणात यंत्रे टप्प्याटप्प्याने आली आणि बराच काळ त्यांना ठरलेली जागा व ठरलेली वेळ होती. ही मर्यादा कधी व कशी गेली, हाच येथील तंत्रज्ञानताणाचा इतिहास आहे.

परीक्षांचे शहर

पेशवाई संपल्यानंतर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. अभियांत्रिकी शिक्षणाचा वर्ग १८५४ मध्ये निघाला, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये स्थापन झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आले आणि त्याबरोबर विद्यार्थ्याचे वर्षभराचे भवितव्य काही तासांच्या लेखी परीक्षेवर ठरण्याची पद्धत आली. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला बसलेल्यांपैकी बहुसंख्य मुले नापास झाली. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते अवघे चार होते. त्यांतले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे पुढचे बरेचसे आयुष्य पुण्याशी जोडलेले राहिले.

या पहिल्या पिढ्यांची प्रकृती हा त्या काळी सार्वजनिक चिंतेचा विषय होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर ३१ व्या वर्षी गेले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ४३ व्या वर्षी, गोपाळ गणेश आगरकर ३८ व्या वर्षी. रानड्यांनी १८९४ मध्ये हिंदू पदवीधरांच्या अकाली मृत्यूंची कारणमीमांसा करणारा निबंध सादर केला. परक्या भाषेतले शिक्षण, परीक्षांचा बोजा, दारिद्र्य, अपुरा आहार, लवकर झालेले लग्न आणि व्यायामाचा अभाव अशी कारणे त्या काळच्या वादात पुढे येत. डेक्कन कॉलेजात असताना बाळ गंगाधर टिळकांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा तालमीला दिले, ही गोष्ट पुढे वारंवार सांगितली गेली, ती याच चिंतेच्या पार्श्वभूमीवर.

गरीब विद्यार्थ्याला पोटाचीही काळजी असे. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणे आणि वाड्यातल्या एका खोलीत चौघांनी राहणे, हा अनेक पिढ्यांचा अनुभव होता. १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह (पुढचे पुणे विद्यार्थी गृह) आणि १९५५ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती या संस्था त्यातूनच उभ्या राहिल्या. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. मुकुंद रामराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीत स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर खानदेश, नगर, मराठवाडा, सातारा, सोलापूर अशा सर्व दिशांनी मुले पुण्याकडे येऊ लागली.

या सगळ्या काळातला ताण कमी नव्हता. पण त्याला हंगाम होता. टर्म संपत आली की दिवे उशिरापर्यंत जळत, परीक्षा झाली की गावाकडे जाणारी एसटी पकडायची आणि निकालाची वाट पाहायची. निकाल वर्तमानपत्रात किंवा महाविद्यालयाच्या फलकावर लागेपर्यंत करण्यासारखे काही नसे. घरचे पत्र आठवड्याने येई. उरलेल्या वेळात कट्टा, व्यायामशाळा, नाटकाची तालीम. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने पुण्यातल्या महाविद्यालयीन मुलांचे कित्येक पावसाळे व्यापले. अभ्यास थांबवण्याची मुभा परिस्थितीच देत असे. त्यासाठी वेगळा निर्धार करावा लागत नव्हता.

संगणक आला, तो प्रयोगशाळेत

पुण्यात संगणक आला तो उद्योग आणि संशोधन यांच्यासाठी. टाटांचे संशोधन, विकास व संरचना केंद्र १९८१ मध्ये येथे सुरू झाले. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर भारत सरकारने १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक स्थापन केले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. याच दशकात शिक्षणाचा नकाशाही बदलत होता. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्यानंतर कोथरूड, बिबवेवाडी, धनकवडी, पिंपरी अशा भागांत महाविद्यालयांची रांग लागली.

तरीही विद्यार्थी आणि संगणक यांची भेट मोजूनमापून होत असे. प्रयोगशाळेत बॅचनुसार वेळ मिळे, एका यंत्रापुढे दोघे-तिघे बसत, प्रोग्रॅम आधी वहीत लिहून न्यावा लागे आणि फ्लॉपी बिघडली की सगळे पुन्हा करावे लागे. या काळातला ताण होता तो यंत्र न मिळण्याचा आणि न समजण्याचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यात इंग्रजीची भर पडे. खासगी कॉम्प्युटर क्लासचे शुल्क परवडणारी मुले पुढे जात आणि इतरांना आपण मागे पडत असल्याची धास्ती वाटे. २००१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकाची तोंडओळख तालुक्या-तालुक्यांत नेली. शासकीय नोकरीसाठी संगणक-अर्हता आवश्यक झाल्याने ज्यांचा संगणकाशी एरवी संबंध आला नसता, त्यांनाही ते शिकणे भाग पडले.

बूथ आणि कॅफे

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुण्याच्या चौकाचौकांत एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक दिसू लागले. रात्री अकरानंतर दर पाव होत, म्हणून वसतिगृहांजवळच्या बूथवर त्या वेळी मुलांची रांग लागे. घराशी बोलणे त्यामुळे सोपे झाले. पण ते आठवड्यातून एकदा, समोरच्या मीटरवर नजर ठेवून होई.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि शतक उलटेपर्यंत पुण्यात डेक्कन, टिळक रस्ता, कर्वे रस्ता, कर्वेनगर अशा विद्यार्थीबहुल भागांत सायबर कॅफे उघडले. लाकडी फळ्यांनी केलेले लहान कप्पे, तासाच्या हिशेबाने पैसे आणि मधेच तुटणारी जोडणी, हे त्यांचे स्वरूप होते. ई-मेल, परदेशी विद्यापीठांचे अर्ज, चॅट, नोकरीच्या संकेतस्थळावर बायोडाटा आणि पुढे प्रवेश व निकाल अशा कामांसाठी मुले तेथे जात. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान याच सुमारास वाढत होते. ‘आयटीत लागणे’ हे पदवीचे ध्येय ठरले आणि कॅम्पस मुलाखतींचा मोसम हा परीक्षेइतकाच धडकी भरवणारा काळ झाला.

कॅफेतही व्यसन लागण्याची उदाहरणे होती. गेमिंगच्या दुकानांत रात्री घालवणारी मुले आणि त्यांची बुडालेली वर्षे हा पालकांच्या तक्रारीचा विषय होता. तरी कॅफे बंद होत असे, पैसे संपत आणि तिथून उठून खोलीवर परत यावे लागे. १३ फेब्रुवारी २०१० च्या जर्मन बेकरी बॉम्बस्फोटानंतर शहरातल्या सार्वजनिक जागांवरील दक्षता वाढली. २०११ च्या केंद्रीय नियमांनी ओळखपत्र आणि नोंदवही यांची सक्ती केली. तोपर्यंत मात्र इंटरनेट लॅपटॉप आणि मोबाइलवर येऊ लागले होते, त्यामुळे कॅफे त्याच्या पुढच्या काही वर्षांत मागे पडले. त्यातले काही झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याची दुकाने झाले.

खिशातला फोन

भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. पण येणारे कॉल २००३ मध्ये मोफत झाल्यावरच तो विद्यार्थ्याच्या आवाक्यात आला. आधी मिस्ड कॉल आणि एसएमएस पॅक, मग २००४ मध्ये आलेले ऑर्कुट, त्यानंतर फेसबुक आणि २००९ मध्ये निघालेले व्हॉट्सॲप असा क्रम राहिला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने व्यावसायिक सेवा सुरू केली, डेटाचे दर कोसळले आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाच्या हातातही दिवसभर चालणारे इंटरनेट आले.

या टप्प्यावर दोन बदल एकत्र घडले. पहिला करमणुकीचा. मालिका, क्रिकेट, रील आणि खेळ हे सगळे एकाच पडद्यावर आले, आणि पुस्तकाची पीडीएफही त्याच पडद्यावर. दुसऱ्या बदलाची चर्चा कमी झाली, तरी परिणाम त्याचा अधिक खोल होता. महाविद्यालयाने आपले कामकाजच फोनवर हलवले. सूचनाफलकाची जागा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली. सबमिशनची तारीख, बदललेले वेळापत्रक, प्रॅक्टिकलची बॅच, हजेरीची तूट, केटीचा अर्ज आणि प्लेसमेंटसाठी नोंदणी, हे सारे रात्री दहालाही येऊ लागले. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात २०१२ च्या पॅटर्नपासून सुरुवातीच्या वर्षांत काही गुणांची परीक्षा संगणकावर बहुपर्यायी पद्धतीने होऊ लागली. २०१९ पासून एमएचटी-सीईटी ही अभियांत्रिकी प्रवेशाची राज्य परीक्षाही संगणकावर गेली. ‘मोबाइल बाजूला ठेव’ हा घरचा सल्ला आणि ‘ग्रुपवर पाहा’ हे महाविद्यालयाचे उत्तर, या दोहोंच्या मध्ये विद्यार्थी सापडला.

स्पर्धा परीक्षांच्या विश्वात हे अधिक ठळकपणे दिसते. सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता परिसरात राज्यभरातून आलेले पदवीधर महिन्याच्या शुल्कावर अभ्यासिकेत जागा घेतात. टेबल, दिवा, चार्जिंगची सोय आणि वायफाय हा तिथला सरंजाम. टेलिग्राम चॅनेल, यूट्यूबवरील व्याख्याने, चालू घडामोडींच्या पीडीएफ आणि टेस्ट सिरीजचे गुण यांचा ओघ अखंड असतो. दुसऱ्या कोणी काय वाचले, हे सतत कळत राहते आणि आपले वाचन अपुरे असल्याची भावनाही त्याबरोबर वाढते. ११ मार्च २०२१ रोजी, परीक्षा तीन दिवसांवर असताना, राज्य सेवा पूर्वपरीक्षा पुन्हा एकदा पुढे ढकलल्याची सूचना निघाली. ती फोनवरून पसरली आणि काही तासांत शास्त्री रस्त्यावर मोठा जमाव उतरला. पूर्वी अशी बातमी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळली असती. आता ती सर्वांना एकदम कळली, आणि संतापही एकदमच उसळला.

टाळेबंदी

महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. महाविद्यालये बंद झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि खोल्या व वसतिगृहे रिकामी करून बहुतेक मुले गावी गेली. वर्ग ऑनलाइन भरू लागले. गावात रेंज मिळावी म्हणून गच्चीवर किंवा टेकडीवर जाऊन बसणे, घरातला एकच फोन तीन भावंडांत वाटून घेणे, डेटा संपल्यामुळे तास बुडणे, असे प्रकार सर्रास घडले. शहरात राहिलेल्यांची अडचण वेगळी होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यासमोर तास, त्यावरच गृहपाठ आणि विरंगुळाही त्यावरच.

अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी परीक्षा आवश्यक असल्याचे ठरवले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने (२०१४ पासूनचे नाव) ऑक्टोबरमध्ये त्या प्रामुख्याने ऑनलाइन आणि बहुपर्यायी स्वरूपात घेतल्या. लॉगिन न होणे, पेपर मधेच थांबणे, उत्तर जतन झाले की नाही हे न कळणे अशा तक्रारी आल्या. २०२१ मध्ये प्रॉक्टर्ड पद्धत आली. कॅमेरा परीक्षार्थीच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवू लागला. घरात कोणी मागून गेले किंवा नजर वळली, तर आपल्यावर संशय येईल ही नवी भीती त्यात मिसळली. विषय येत असूनही यंत्रामुळे नापास होऊ, ही धास्ती पुण्याच्या परीक्षांच्या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी दिसली नव्हती.

२० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यात महाविद्यालये पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली. वर्ग परत आले, पण ऑनलाइन काळातली यंत्रणा मागे गेली नाही. रेकॉर्ड केलेली व्याख्याने, गूगल फॉर्म, ऑनलाइन सबमिशन आणि गुणांची डिजिटल नोंद नेहमीच्या वर्गाच्या जोडीला कायम राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्याने आणखी एक पेच आणला. वापरावे तर नक्कल केल्याचा आरोप, न वापरावे तर इतरांच्या मागे पडण्याची भीती. शिवाय ज्या नोकरीसाठी चार वर्षे घातली तीच उरेल का, हा प्रश्न संगणकशाखेच्या विद्यार्थ्यांना भेडसावू लागला.

ताणाची पाच रूपे

२००७-०८ च्या सुमारास परदेशी संशोधकांनी तंत्रज्ञानताणाचे पाच घटक मांडले. ते नोकरदारांसाठी होते, पण पुण्यातल्या विद्यार्थ्यालाही लागू पडतात. पहिला अतिभार : यंत्रामुळे काम वेगाने होते, म्हणून अधिक काम दिले जाते. दुसरा घुसखोरी : अभ्यासाची वेळ आणि खासगी वेळ यांतली सीमा पुसली जाते. तिसरा गुंतागुंत : दरवर्षी नवे पोर्टल, नवे ॲप, नवा पासवर्ड. चौथा असुरक्षितता : अधिक कुशल माणूस किंवा यंत्र आपली जागा घेईल ही भीती. पाचवा अनिश्चितता : शिकलेले सॉफ्टवेअर आणि भाषा काही वर्षांत जुन्या होणे. फ्लॉपीच्या काळात गुंतागुंत हा मुख्य घटक होता, आयटीच्या भरतीच्या काळात असुरक्षितता पुढे आली आणि स्मार्टफोननंतर घुसखोरीने सर्वांवर मात केली.

शरीरावरचे परिणाम ओळखीचे आहेत. डोळे कोरडे पडणे, मान व मनगट दुखणे, डोके जड होणे, झोप उशिरा लागणे. रात्रीच्या पडद्यावरचा प्रकाश झोपेचे चक्र लांबवतो, पण त्याहून जास्त झोप घालवतो तो त्यावरचा मजकूर. दर काही मिनिटांनी लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर गेले की परत येताना श्रम पडतात, आणि दिवसभर बसूनही अभ्यास झाला नाही असे वाटते. त्यातून अपराधीपणा येतो आणि तो विसरण्यासाठी हात पुन्हा फोनकडेच जातो. सर्व वापर सारखाच घातक असतो, असे मात्र नाही. घरापासून दूर असलेल्या मुलीला आईशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलता येते, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक ऐकता येते, महागड्या क्लासऐवजी मोफत व्याख्याने मिळतात. ताण वाढतो तो वापरावर स्वतःचा ताबा उरत नाही तेव्हा.

उपायांची वाटचाल

पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामाला जुनी परंपरा आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. दारू आणि गर्द यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या या केंद्राकडे पुढे मोबाइलच्या आहारी गेलेल्या मुलांचे पालकही येऊ लागले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान मिळाले आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. मोबाइलच्या अतिवापराला मात्र त्यात स्वतंत्र आजार मानलेले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली; १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

सामूहिक उपायाचा एक नमुना महाराष्ट्राच्या खेड्याने दिला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. सगळेच बंद ठेवत असल्यामुळे कोणाचे काही चुकत नाही, हे या प्रयोगाचे मर्म. एकट्या विद्यार्थ्याने फोन बंद केला तर सूचना त्याचीच हुकते. संपूर्ण वर्गासाठी वेळ ठरली तर कोणाचीच हुकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यामुळे या प्रश्नाकडे संस्थेची जबाबदारी म्हणून पाहण्यास बळ मिळाले. समुपदेशन केंद्रे आवश्यकच आहेत, पण ती ताण आल्यानंतर कामाला येतात. सायंकाळी ठरावीक वेळेनंतर शैक्षणिक सूचना न देणे, एकाच विषयासाठी चार ॲप न लादणे, ऑनलाइन परीक्षेत यंत्र बिघडल्यास पुन्हा संधीची हमी देणे आणि सबमिशनच्या तारखा सत्राच्या आरंभीच जाहीर करणे, हे निर्णय विद्यापीठ आणि महाविद्यालय यांच्याच हातात आहेत. रानड्यांच्या काळी परीक्षेचा बोजा विद्यार्थ्याच्या दुबळेपणावर ढकलून चालले नाही. आजचा ताणही केवळ मुलांच्या हातातल्या फोनवर ढकलून चालणार नाही.